अप गाडीत राहून गेलेलं 'डाउन'

संध्याकाळी सात-सव्वासातला वाशीकडून ठाण्याला जाणारी गाडी ऐरोलीला थांबते, तेव्हा आत आधीच चिकटून उभी असलेली माणसं आणखी चिकटतात. आयटी पार्कातून सुटलेली गर्दी, गळ्यात ओळखपत्रांच्या रंगीत पट्ट्या, पाठीवरच्या सॅक आता पोटावर, आणि डब्यात घामाचा, परफ्यूमचा, कुणाच्या तरी पिशवीतल्या मेथीचा असा मिळून एक वास. अशाच एका संध्याकाळी खांबाला टेकून उभी असलेली पंचविशीतली एक मुलगी फोनवर आईशी बोलत होती. पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. अलीकडचं मात्र सगळ्या डब्याला ऐकू येत होतं. "अगं, सरांनी शूट केलं माझं प्रपोजल." मग जरा थांबून, "नाही गं, व्हिडिओ कशाला?" पुन्हा थांबून, "नाही, पाठवलं मीच होतं. मी पाठवलं, त्यांनी शूट केलं." आणि मग आवाज चढवून, "अगं शूट म्हणजे उडवलं! सगळ्यांसमोर उडवून लावलं!" एवढ्यात दिघा मागे पडलं, गाडी खाडीवरच्या पुलावर आली, उघड्या दारातून तो ओळखीचा खारट-कुजकट वारा आत घुसला आणि फोन तुटला. ती हॅलो हॅलो करत राहिली.

त्या आईचं काही चुकत नव्हतं. 'शूट करणे' या शब्दाचे आपल्याकडे सध्या जेवढे अर्थ चालतात, तेवढे ती माउली क्रमाने तपासून पाहत होती. लग्नाआधीचं शूट असतं, रीलचं शूट असतं, ऑफिसात 'मेल शूट कर' म्हणजे पाठवून दे असतं, आणि बंदुकीचं तर मूळचंच आहे. खुद्द इंग्रजीत नुसतं 'शूट!' म्हटलं तर 'बोल, विचार काय ते' असाही अर्थ होतो. म्हणजे चार-पाच अर्थ झाले, आणि त्यांतला एकही नाकारण्याचा नाही. नाकारण्याचा अर्थ येतो तो मागे 'डाउन' लागलं की. तेच नेमकं त्या वाक्यात नव्हतं.

पडायला हवं होतं प्रपोजल; पडलं ते 'डाउन'.

ही गळती एकट्या त्या मुलीची नाही. रबाळे, घणसोली, वागळे इस्टेट, कुठल्याही ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कान देऊन बसलं की 'माझी आयडिया शूट झाली', 'बजेट शूट केलं' असं ऐकायला मिळतं. त्याला कारण आहे असं मला वाटतं. आपल्या कानाला 'डाउन' हा शब्द खाली-वर दाखवतच नाही. ठाण्याहून वाशी-पनवेलला जाते ती डाउन गाडी आणि तिकडून ठाण्याला येते ती अप. दोन्ही त्याच सपाट रुळांवरून धावतात. रोज कामाला जाण्या-येण्याला आपण 'अप-डाउन करतो' म्हणतो. सर्व्हर डाउन असतो, मूड डाउन असतो, बॅटरी डाउन असते. यांतलं काहीही कुठून पडलेलं नसतं, नुसतं बंद किंवा मलूल असतं. मग 'शूट डाउन'मधलं डाउन आपल्याला फुकटचं वाटलं आणि आपण ते गाडीतच विसरून उतरलो, तर दोष कुणाला द्यायचा?

इंग्रजीत मात्र सगळं काम त्या शेपटावर चालतं. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली कोश छापला, तेव्हा प्रस्तावनेतच सांगून टाकलं होतं की क्रियापदापुढे असे छोटे शब्द जोडून होणाऱ्या रचना परक्या माणसाला सर्वांत जास्त छळतात. त्यांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बऱ्याच उशिरा मिळालं. १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथ या निबंधकाराने ते रूढ केलं आणि श्रेय दिलं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना. शाळेत आपण त्यांच्या याद्या पाठ केल्या, गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह अवे, आणि पेपर झाला की विसरून गेलो. वास्तविक मराठी माणसाला ही युक्ती परकी वाटायला नको. बोलून टाकलं म्हणजे ओझं उतरलं, बोलून बसलो म्हणजे पस्तावलो, बोलून दाखवलं म्हणजे टोमणा होता, आणि बोलून गेला म्हणजे त्याचं त्यालाच कळलं नाही. बोलणं एकच, पण टाकणं, बसणं, दाखवणं, जाणं ही शेपटं लागली की माणसाचं अख्खं मन बदलतं. आता मराठी शिकणाऱ्या एखाद्या परप्रांतीयाने 'मी साहेबांना बोलून बसलो' याचा अर्थ 'बोललो आणि मग खुर्चीवर बसलो' असा लावला तर आपण हसू. 'शूट केलं' ऐकून इंग्रज माणूस तसाच चक्रावत असणार.

शेपूट तर लावायला हवंच, पण कुठे लावायचं यातही एक खोच आहे. प्रस्तावाचं नाव घेऊन बोलत असाल तर ते 'डाउन'च्या आधी ठेवा किंवा नंतर, दोन्ही चालतं: 'शॉट डाउन द प्लॅन' किंवा 'शॉट द प्लॅन डाउन'. नाव न घेता 'तो', 'ती', 'ते' म्हणायचं असेल तर मात्र पर्याय उरत नाही. 'इट' मधेच बसायला हवं. 'शॉट इट डाउन'. 'शॉट डाउन इट' हे कानाला 'जेवलो मी नाही का' इतकं वेडंवाकडं लागतं. उलट नाव लांबलचक असेल, म्हणजे 'ट्रेनिंग शनिवारी घेण्याचा बेत' असलं काही, तर ते सगळं शूट आणि डाउनच्या मधे कोंबू नये. ऐकणारा 'डाउन'ची वाट बघत ताटकळतो आणि तोवर विसरतो की सुरुवात 'शूट'ने झाली होती. अशा वेळी 'शॉट डाउन' आधी उरकून घ्यावं आणि मग शनिवारचं रामायण लावावं. भूतकाळ 'शॉट', आणि 'पाडलं गेलं' म्हणायचं तेव्हाही 'शॉट'च. 'शूटेड डाउन' हे आपल्याकडच्या बऱ्याच मेलांमध्ये सापडतं आणि ते सरळ चूक आहे. आणखी एक, जे पुस्तकात पाहून कळत नाही: 'शूट इट डाउन' म्हणताना जोर 'डाउन'वर पडतो. आपण जोर देतो 'शूट'वर, बंदूक उडवल्यासारखा, आणि 'डाउन' तोंडातल्या तोंडात गिळतो. ते एकदा गिळलं गेलं की पुढच्या पिढीला ऐकू कसं येणार?

उच्चारावरून होणारा एक गोंधळ याहून महाग पडू शकतो. अमेरिकन माणूस 'शॉट' म्हणतो ते आपल्याला 'शाट' ऐकू येतं, आणि हेडफोनमधून रात्री साडेनऊला, वरून पाऊस कोसळत असताना, 'शाट' आणि 'शट' यांत फारसा फरक राहत नाही. त्याने म्हटलेलं असतं 'वुई शॉट इट डाउन', म्हणजे ती सूचना आम्ही मान्य केली नाही. ऐकू येतं 'वुई शट इट डाउन', म्हणजे आम्ही ते बंदच केलं. पहिल्यात फक्त एक कल्पना गेली. दुसऱ्यात चालू असलेलं काम, सर्व्हर, कधी कधी अख्खी टीम गेली. बरं, दोन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्ध असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. माणसाच्या बाबतीतही तेच. 'शॉट मी डाउन' म्हणजे माझं म्हणणं पाडलं. 'शट मी डाउन' म्हणजे मला बोलूच दिलं नाही. अशा वेळी न लाजता 'म्हणजे सूचना फेटाळली की काम थांबवलं?' असं विचारून घ्यावं, साध्या इंग्रजीत. तिथे इंग्रजीचा रुबाब दाखवायला जाण्यात काही अर्थ नसतो.

आता हा शब्द वापरावा कुठे? चहाच्या टपरीवर, चॅटवर, मित्राला सांगताना, जिथे जिथे आपण 'साहेबांनी उडवून लावलं' असं म्हणू तिथे. बातमीच्या मथळ्यातही चालतो. इतिवृत्तात मात्र चालत नाही. तिथे 'नॉट अप्रूव्ह्ड' एवढंच थंडपणे लिहायचं असतं, आपल्याकडे महासभेत प्रस्ताव मंजूर, नामंजूर, तहकूब किंवा दप्तरी दाखल होतात तसं. ('दप्तरी दाखल' म्हणजे काय थंड डोक्याचा शब्दप्रयोग आहे! कुणी मारलं नाही, कुणी फेकलं नाही, नुसतं एका कपाटात ठेवलं आणि कपाट पुन्हा उघडलं नाही.) शिवाय हा शब्द बहुतेक वेळा ज्याचं पाडलं गेलं त्याच्या नाहीतर बघणाऱ्याच्या तोंडी शोभतो. साहेबाने स्वतःच 'आय शॉट इट डाउन' म्हटलं की त्यात शिकाऱ्याने वाघावर पाय ठेवून फोटो काढल्याचा भाव येतो. आणि साहेबालाच 'तुम्ही माझी आयडिया का शूट डाउन केली' असं मेलवर विचारणं म्हणजे सरळ भांडण; त्यापेक्षा 'आपण याच्यावर पुढे जात नाही आहोत असं मी समजू का' अशा अर्थाचं एखादं मऊ वाक्य घालावं. एक वापर मात्र खरंच कामाचा आहे, आणि आपल्याकडे तो फार कमी लोक करतात. नवीन काही सुचवताना आधीच म्हणायचं, 'फील फ्री टू शूट धिस डाउन, बट...' म्हणजे पाडायचं असेल तर खुशाल पाडा, पण आधी ऐका. बंदूक समोरच्याच्या हातात आपणच दिली की निम्म्या लोकांना ती झाडायची लाज वाटते.

या शब्दात एक चित्र आहे आणि ते आकाशात घडतं. गोळी घालून पाडणं जुनंच, पण पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ या वर्षांत, ते चित्र ढगांत गेलं. तेव्हाची विमानं म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेलं आणि वर रोगण चढवलेलं कापड, जवळच पेट्रोलची टाकी. फॉस्फरसची एक गोळी लागली की सगळं भडकायचं, आणि ब्रिटिश वैमानिकांना विमानात पॅराशूट दिलेलं नसे. एखाद्याचा मुद्दा पार जाळून टाकला याला ब्रिटिश लोक अजूनही 'शॉट डाउन इन फ्लेम्स' म्हणतात, कचेरीतल्या खुर्चीत बसून, बिस्कीट चहात बुडवत. किरकोळ नकाराला ते वापरत नाहीत. समोरच्याने आकडे, तारखा, नियम काढून मुद्द्याची चिंधीही शिल्लक ठेवली नाही, तर वापरतात. पण मुद्दा असा की पडायला आधी उडावं लागतं. इंग्रजीत कल्पना हवेतच राहते. तिला कुणी 'फ्लोट' करतं. ठरलं नाही तोवर ती 'अप इन द एअर' असते. चालणार नसेल तर 'धिस वोन्ट फ्लाय' म्हणतात, चाललीच तर ती 'टेक ऑफ' घेते. लोकांना कशी वाटली हे विचारायचं तर 'कशी लँड झाली' विचारतात. सगळं विमानतळावर चाललंय. तेव्हा पाडणाऱ्याने पाडलं म्हटलं, तरी त्या शब्दात एक कबुली दडलेली राहते, की ती वस्तू जमिनीपासून वर होती.

मराठीत कल्पना सुचते आणि मग आपण ती मांडतो.

मांडतो म्हणजे खाली ठेवतो. पाट मांडतो, चूल मांडतो, पूजा मांडतो, भातुकली मांडतो, तसा मुद्दा मांडतो, प्रस्ताव मांडतो. पुढे तो लोकांना पटतो किंवा पटत नाही, गळी उतरतो, पचनी पडतो. आपल्याकडे कल्पना जमिनीवर, ताटाच्या आसपास वावरते. उडणाऱ्या कल्पनेकडे आपण आधीपासूनच संशयाने बघतो. कल्पनेच्या भराऱ्या, हवेतले इमले, 'तो सध्या हवेत आहे', 'जरा जमिनीवर ये', हे सगळे आपले शेरे. मग मांडलेली गोष्ट नको असेल तर तिचं काय करायचं? उधळायची. बेत उधळतात, सभा उधळतात, मांडलेला डाव उधळतात. किंवा उडवून लावायची. आणि इथे गंमत आहे. इंग्रज उडणारी वस्तू पाडतो. आपण खाली ठेवलेली वस्तू उडवतो. दिशा बरोब्बर उलट्या आहेत. 'उडवून लावलं' म्हणताना डोळ्यांसमोर सूप येतं, फुंकर येते, फोलपट येतं. त्यात वस्तू हलकी होती असं आपण म्हणून टाकतो, तिची दखल घ्यायचीही गरज नव्हती असं. शूट डाउन करायला निदान नेम धरावा लागतो.

'पाडणे' मराठीत नाहीच असं नाही. 'हाणून पाडणे' आहे, शब्दशः तेच, हाणायचं आणि पाडायचं. भाषांतर करणाऱ्याला हा शब्द दिसला की त्याला वाटतं, चला, काम झालं. आणि इथेच तो फसतो. कारण हाणून पाडतात ते कट, डाव, कारस्थान, घुसखोरीचा प्रयत्न. 'सुट्टीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने हाणून पाडला' असं लिहिलं की सुट्टी मागणारे बिचारे एकदम कटवाले ठरतात. शब्दाचा अर्थ जुळतो, पण त्याच्या पंगतीला कोण कोण बसतं हे जुळत नाही. कोर्टात याचिका फेटाळतात, पुढारी आरोप फेटाळतो. म्हणजे 'फेटाळणे' एकाच वेळी नाकारणं आणि इन्कार करणं दोन्ही निभावतं, त्यामुळे कुठेही लावलं तरी फार बिघडत नाही. 'धुडकावणे'मध्ये उर्मटपणा आहे. इशारा, आदेश, देऊ केलेली मदत धुडकावतात. 'झिडकारणे' जवळजवळ नेहमी माणसाला. 'खोडून काढणे' मुद्द्याला, आणि त्याला पुरावा लागतो. शूट डाउनच्या सर्वांत सभ्य रूपाशी याचंच नातं जवळचं. 'केराची टोपली' अर्जाला आणि सूचनेला. 'वाटाण्याच्या अक्षता' मागणाऱ्यालाच, आणि त्यासुद्धा हसत हसत. अक्षता तांदळाच्या असतात हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्यातला अपमान चाखता येतो.

इंग्रजीतली शेजारपाजारची मंडळी ओळखून ठेवली तर 'शूट डाउन' नेमकं कधी नको, हे कळतं. निमंत्रण, नोकरीची ऑफर, रजेचा अर्ज नाकारला तर 'टर्न डाउन', त्यात हिंसा नाही. शक्यता तपासून बाद केली तर 'रूल आउट', जसं डॉक्टर म्हणतात की डेंग्यू रूल आउट झाला. अंगावरची धूळ झटकावी तसं म्हणणं झटकलं तर 'ब्रश ऑफ' किंवा 'ब्रश असाइड'. यात वाद घालण्याचेही कष्ट कुणी घेतलेले नसतात, म्हणून ते शूट डाउनपेक्षा जास्त झोंबतं. 'लाफ ऑफ' म्हणजे आपलं हसण्यावारी नेणं, इतकं तंतोतंत की दोन्ही भाषांनी एकमेकींची वही बघितली की काय अशी शंका यावी. फ्रेझल व्हर्ब नसलेलं एक पात्रही याच गल्लीत राहतं, 'पू-पू करणं', तोंडाने 'छ्या!' करून नाक मुरडणं. एकोणिसाव्या शतकात भाषाशास्त्रज्ञ माक्स म्युलर यांनी भाषेच्या जन्माविषयीच्या एका सिद्धान्ताची खिल्ली उडवताना त्याचं नावच 'पू-पू सिद्धान्त' ठेवलं होतं. माणसाची भाषा असल्या छ्या-हाय-अरेरे उद्गारांतून निघाली असं तो सिद्धान्त म्हणायचा. ज्या उद्गाराने नाकारतात तोच भाषेचा उगम, असं म्हणणाऱ्याला त्याच उद्गाराने नाकारलं. असो.

'राइट ऑफ' आणि 'मोडीत काढणे' ही जोडी मात्र जरा थांबून बघण्यासारखी आहे. राइट ऑफ हा खतावणीतला शब्द. येणं वसूल होणार नाही असं दिसलं की वहीतून रक्कम बुडीत म्हणून काढून टाकायची. मागे उरतं शून्य. मोडीत काढणं बाजारातलं. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात एखादी बाई आजेसासूच्या वेळचं पितळी पातेलं घेऊन येते. दुकानदार आधी बोटाने टिचकी मारून बघतो, मग बुडाला लावलेल्या डागाकडे बोट दाखवतो, मग तराजूवर ठेवतो. पातेल्यावर कुणाचं नाव कोरलेलं आहे, लग्न कुठल्या साली झालं, बासुंदी किती लिटरची व्हायची, याचा भाव नाही. घट वजा करून फक्त धातूचा भाव. पण भाव आहे. मोडीत गेलेल्या वस्तूची वस्तू म्हणून किंमत संपते, पितळ म्हणून उरते, आणि उद्या त्याचंच समईचं बूड होऊ शकतं. आपल्याकडचे इंग्रजी पेपर कोर्टाने याचिका 'जंक' केली, म्हणजे भंगारात काढली, असं मथळ्यात लिहितात, तेव्हा ते नकळत मराठीच बोलत असतात.

आणि त्या मुलीने खरं म्हणजे कुठलाच इंग्रजी शब्द वापरायची गरज नव्हती, कारण तिला जे म्हणायचं होतं त्याला मुंबई-ठाण्याकडे अस्सल शब्द आहेत. 'पोपट झाला.' 'सगळ्यांसमोर कचरा केला.' फक्त त्यांत एक अडचण आहे. पोपट माणसाचा होतो, कचरा माणसाचा होतो. 'माझ्या प्रस्तावाचा पोपट झाला' असं कुणी म्हणत नाही. बोलीतल्या या शब्दांमध्ये कल्पना आणि कल्पना मांडणारा यांच्यात बोटभरही अंतर नसतं. कल्पनेवर आलेला घाव थेट मांडणाऱ्याच्या तोंडावर बसतो. इंग्रजीत निवड करता येते. 'दे शॉट माय आयडिया डाउन' म्हटलं तर मी बाजूला उभा आहे आणि पडलंय ते माझं विमान. 'दे शॉट मी डाउन' म्हटलं तर मीही त्यातच होतो. मुलीने 'प्रपोजल शूट केलं' म्हटलं, 'मला शूट केलं' म्हटलं नाही. 'डाउन' गळलं, पण ते अंतर मात्र तिने बरोबर धरून ठेवलं होतं. आईशी 'माझा कचरा केला' असं बोलायचं नव्हतं तिला. आई रात्रभर झोपली नसती.

ठाण्याला गाडी दहा नंबरला लागली, आणि दारातली माणसं थांबायच्या आधीच उतरायला लागली. जिन्याच्या पायथ्याशी नेहमीचा तुंबा. तिचा फोन पुन्हा वाजला. एका हाताने सॅकचा बंद सांभाळत, एकेक पायरी चढत ती बोलत होती. "हां, पुलावर गेलं नेटवर्क... नाही गं, ओरडले नाहीत... नाही, चुका पण काढल्या नाहीत... काही नाही, म्हणाले, बघू नंतर." मग पलीकडून काहीतरी आलं, एकच छोटं वाक्य असावं, कारण ती पुढच्या पायरीवर पाय ठेवायचा थांबली, मागच्या माणसाचा धक्का लागला तरी हलली नाही, आणि मग हसू आल्यासारखं म्हणाली, "हो. म्हणजे नाहीच."